सर्व्हर इन्स्टॉलेशन अडलं की कुठे बघायचं, आणि तोच सर्व्हर क्लाउडवर नेताना काय मोडतं

इन्स्टॉलर थांबल्यावर पडद्यावर जो संदेश दिसतो तो शेवटचा परिणाम असतो. कारण लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींच्या फाइलमध्ये) बरंच वर दडलेलं असतं. विंडोजवरचा १६०३ हा कोड याचा उत्तम नमुना आहे, कारण 'गंभीर त्रुटी' यापलीकडे तो काहीच सांगत नाही. तेच पॅकेज एमएसआयएक्झेकने (विंडोजच्या इन्स्टॉलर कमांडने) '/एल*व्ही' पर्याय लावून पुन्हा चालवा आणि तयार झालेल्या लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधा. ते पहिल्यांदा जिथे सापडतील, त्याच्या वरच्या वीसेक ओळी नीट वाचा: लॉक झालेली फाइल, परवानगी नसलेलं फोल्डर किंवा सुरूच न झालेली सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम), यांपैकी काहीतरी बहुधा तिथेच सापडतं. १६१८ आला तर दुसरं कुठलंतरी इन्स्टॉलेशन चालू आहे, ते संपू द्या. ३०१० हे तर अपयशच नव्हे. काम झालेलं असतं, फक्त रीस्टार्ट बाकी असतो. शून्य सोडून प्रत्येक कोडला अपयश मानणाऱ्या स्क्रिप्ट इथे फसतात.

अर्धवट पडलेलं इन्स्टॉलेशन साफ न करता त्यावर पुन्हा इन्स्टॉलर चालवणं टाळा. मागे राहिलेली सर्व्हिस, युजर किंवा कॉन्फिगरेशन फाइल दुसऱ्या वेळी वेगळीच त्रुटी दाखवते आणि मूळ कारणाचा माग पुसला जातो. व्हर्च्युअल मशीन असेल तर सुरुवातीलाच स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्या, प्रत्येक प्रयत्न त्याच्यावरून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. डाउनलोड केलेल्या फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा सांकेतिक आकडा) जुळवायला मिनिटभर लागतं, तेही आधीच उरकून घ्या.

लिनक्सवर नेहमी अडतं ते

'नो स्पेस लेफ्ट' आलं आणि 'डीएफ -एच' मात्र भरपूर जागा दाखवत असेल, तर 'डीएफ -आय' चालवा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असतात. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) असूनही 'परमिशन डिनाइड' येत असेल तर टेम्प फोल्डर 'नोएक्झेक' (इथून प्रोग्राम चालवू नका) हा पर्याय लावून माउंट केलंय, म्हणजे जोडलंय, का ते बघा, कारण कित्येक इन्स्टॉलर तिथे स्वतःला उलगडून तिथूनच चालू होतात. 'टीएमपीडीआयआर' व्हेरिएबलने दुसरं फोल्डर देता येतं. जावा ते वाचत नाही, त्याला 'जावा डॉट आयओ डॉट टीएमपीडीआयआर' ही प्रॉपर्टी वेगळी द्यावी लागते.

हाताने चालवली की सर्व्हिस चालते आणि सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केली की पडते, असं झालं तर दोन संशयित आहेत. पहिला एसई-लिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा हे फाइलींवरच्या लेबलांवरून ठरवणारी सुरक्षा. 'सेटएनफोर्स ०' करून सर्व्हिस सुरू करा. चालली तर दोषी सापडला, लगेच '१' करून ते परत चालू करा आणि 'एयूसर्च -एम एव्हीसी' ने कोणत्या फाइलला अडवलं ते काढा. बहुतेकदा फाइल होम फोल्डरमधून 'एमव्ही' ने हलवलेली असते. 'एमव्ही' जुनं लेबल सोबत नेतं, 'सीपी' नव्या जागेचं लेबल घेतं. 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' ने ते दुरुस्त होतं. एसई-लिनक्स कायमचं बंद करणं हा कंटाळ्याचा मार्ग आहे, दुरुस्तीचा नव्हे. दुसरा संशयित म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा. 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मध्ये कितीही मोठा आकडा लिहिला तरी सिस्टमडीच्या सर्व्हिसला तो लागू होत नाही. युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीच्या, त्या सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये) 'लिमिटनोफाइल' लिहून 'डेमन-रीलोड' करावं लागतं.

जावाची 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' त्रुटी आली तर त्यातला आकडा वाचा, तो जावाची आवृत्ती सांगतो: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' आलं आणि ब्राउझरमध्ये तीच साइट उघडत असेल, तर सर्व्हर मधलं सर्टिफिकेट (त्याच्या स्वतःच्या आणि मूळ विश्वासू सर्टिफिकेटला जोडणारा दुवा) पाठवत नसण्याची शक्यता मोठी. ब्राउझर ते परस्पर मिळवतो, जावा सहसा तसं करत नाही. 'ओपनएसएसएल एस-क्लायंट' ला 'शोसर्ट्स' लावून साखळी तपासा. संस्थेचं स्वतःचं सर्टिफिकेट असेल तर ते जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटांच्या साठ्यात) घालावं लागेल. डोमेन लॉगिन अधूनमधून नाकारलं जात असेल तर घड्याळ बघा. करबेरॉस, म्हणजे डोमेन लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत, मुळात ५ मिनिटांहून जास्त तफावत चालवून घेत नाही.

क्लाउडवर नेताना

वरच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच आहे: सॉफ्टवेअरने सर्व्हरबद्दल काहीतरी धरून चाललेलं असतं. क्लाउडवर अशी गृहीतकं एकदम बदलतात, म्हणून हलवण्याआधी त्यांची यादी करा. लायसन्स मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकाला) बांधलंय का? क्लस्टरचे (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचे) सदस्य एकमेकांना मल्टिकास्टने (एकच संदेश एकाच वेळी अनेकांना पाठवून) शोधतात का? क्लाउडच्या नेटवर्कवर ते सहसा आपोआप चालत नाही, पत्ते हाताने द्यावे लागतात. ॲप थेट २५ नंबर पोर्टवरून मेल पाठवतं का? मोठे पुरवठादार तो बाहेर जाणारा मार्ग बहुधा बंद ठेवतात. ५८७ वरून रिले (मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) वापरा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ॲप क्लाउडवर आणि डेटाबेस जुन्या जागी. एक स्क्रीन उघडताना डेटाबेसला एकामागून एक ४०० क्वेरी (माहितीच्या मागण्या) जात असतील, तर जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद घेणाऱ्या लॅनवर नेटवर्कचा वेळ ०.२ सेकंद होतो. तोच प्रवास २५ मिलिसेकंदांचा झाला की १० सेकंद. मोठं मशीन घेऊन यात काडीचा फरक पडत नाही. दोन्ही एकत्र हलवा, किंवा आधी क्वेरी कमी करा.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर कनेक्शन टाइमआउट होत असेल तर सिक्युरिटी ग्रुपसोबत (सर्व्हरपाशी वाहतूक गाळणारे नियम) नेटवर्क एसीएलही (सबनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या एका भागाच्या, वेशीवरचे नियम) बघा. सिक्युरिटी ग्रुप परतीची वाहतूक आपोआप सोडतो, एसीएल सोडत नाही. तिथे १०२४ ते ६५५३५ पोर्ट परतीसाठी उघडे लागतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत असेल तर पाकीट बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलंय, ऐकणारं कुणी नाही. 'एसएस -एलटीएनपी' ने सर्व्हिस फक्त १२७.०.०.१ वर बसली आहे का ते बघा. व्हीपीएनवरून लॉगिन होतं पण मोठा रिपोर्ट अडकतो, तेव्हा एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) तपासा.

डेटा किती वेळात जाईल हे आधी मांडून बघा. १ टेराबाइट डेटाला १०० एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, २२ तासांहून जास्त लागतात. म्हणून आधी पूर्ण प्रत पाठवा, मग रेप्लिकेशनने (बदल आपोआप दुसऱ्या प्रतीत उतरवून) फरक भरत राहा आणि बदलाच्या रात्री फक्त शेवटचा तुकडा ठेवा. डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांकडे किती वेळ लक्षात राहतो ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा, पण बदलाच्या किमान जुन्या टीटीएलइतका वेळ आधी. तो २४ तासांचा असेल तर त्याच संध्याकाळी बदलून उपयोग नाही.

परतीचा रस्ता कुठवर खुला आहे हेही लिहून ठेवा. नव्या डेटाबेसमध्ये पहिला खरा व्यवहार नोंदला गेला की डीएनएस उलट फिरवून काम भागत नाही. उलट दिशेचं रेप्लिकेशन तयार नसेल, तर तो व्यवहार जुन्या सर्व्हरवर नसतोच. तेव्हा वापरकर्त्यांना आत सोडण्याआधी फक्त वाचनाच्या चाचण्या संपवा, आणि परत फिरायचं की नाही याचा निर्णय त्याच टप्प्यावर घ्या.