मृगाचा पाऊस लागला की संघबांधणीला बसा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम संपतो, मैदानात पाणी साचायला लागतं आणि नेमक्या त्याच दिवसांत युरोपात खेळाडूंची उन्हाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलण्याची मुदत, उघडते. संघ चालवणाऱ्या तालमीच्या कट्ट्यावर मग दोन विषय चालतात. लिव्हरपूल, बार्सिलोना यंदा कुणाला घेणार हा एक. आपल्या पेठेच्या संघात कोण येणार आणि आपला कोण जाणार हा दुसरा. पहिल्यावर आपण नुसतं बोलू शकतो, दुसरं काम मात्र आपल्यातल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात ते काही वर्षं होतं. यंदा ज्याच्या गळ्यात पहिल्यांदा पडलंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवा खेळाडू आणणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे. आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो, म्हणून दरवर्षी तीच भोकं नव्या नावांनी बुजवत बसतो.

वहीत मिनिटं मांडा

हंगाम संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत, आठवणी ताज्या असताना, एक वही घ्या. डावीकडे खेळाडूंची नावं, वर सामने, आणि प्रत्येक चौकटीत तो गडी किती मिनिटं मैदानात होता ते. गोल किती केले हे नंतर. नव्वद मिनिटांचा सामना धरला तर एका सामन्यात अकरा जणांची मिळून ९९० मिनिटं होतात. पंधरा सामन्यांची १४,८५०. आता जे जाणार, जे थांबणार, ज्यांना नोकरीसाठी पुण्याला जावं लागणार, त्यांच्या नावापुढे खूण करा आणि त्यांच्या मिनिटांची बेरीज करा.

ही बेरीज डोळे उघडते. समजा दोन्ही स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतले मधले बचावपटू, आणि गोलकीपर असे तिघेच जाणार आहेत आणि तिघांनी सगळे सामने पूर्ण खेळलेत. तीन जण म्हणजे किती, असं वाटतं. पण ती ४,०५० मिनिटं झाली, संघाच्या एकूण खेळाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, आणि तीही मागच्या फळीतली, जिथं एकमेकांच्या हाकेवर खेळ चालतो. याउलट पाच राखीव खेळाडू गेले तरी दोनशे मिनिटंसुद्धा जात नाहीत. माझा नियम असा होता की एका पावसाळ्यात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिनिटं बदलायची नाहीत. त्यापलीकडे गेलं की संघ जुळेपर्यंत लीग निम्मी संपलेली असते.

याच वहीत आणखी दोन रकाने ठेवा, वय आणि दुखापत. तिशी ओलांडलेला मधल्या फळीतला खेळाडू यंदा उत्तम खेळला असेल, तरी त्याच्या जागेवर पुढच्या दोन वर्षांत कोण, हे आत्ता लिहून ठेवायचं. गुडघ्याचं लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर तो साधारण नऊ महिने धरून चालायचं. ‘दिवाळीपर्यंत येतो की’ असं पोरगं म्हणेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्या गुडघ्याच्या भल्यासाठीच ठेवू नका.

कणा कुणाचा, ते ठरवा

गोलकीपर, एक स्टॉपर, मधल्या फळीतला एक हाफ आणि एक फॉरवर्ड. या चार जागांना मी कणा म्हणतो. यांतले किमान तिघे कायम राहत असतील तर बाकी बांधणी सोपी जाते.

याचं अलीकडचं सुंदर उदाहरण जर्मनीतलं आहे. बायर लेव्हरकुसेनकडे झाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, खालून दुसरा होता. त्याने आधी असलेल्या पोरांना सावरलं आणि तो हंगाम सहाव्या क्रमांकावर संपवला. मग २०२३ च्या उन्हाळ्यात नेमके खेळाडू घेतले. मधल्या फळीला धीर देणारा अनुभवी ग्रानिट झाका आर्सेनलकडून, डाव्या बाजूला ग्रिमाल्डो बेन्फिकाचा करार संपल्यावर एक पैसाही ट्रान्सफर फी न देता, आणि पुढे बोनिफेस. गोलकीपर ऱ्हाडेकी, स्टॉपर ता, विर्ट्झ, फ्रिम्पाँग हे जुनेच राहिले. २०२३-२४ चं विजेतेपद त्यांनी ३४ पैकी २८ सामने जिंकून आणि ६ बरोबरीत सोडवून मिळवलं. लीगमध्ये एकही पराभव नाही. लोकांना लक्षात राहतात ते नवे चेहरे. मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे, की जुन्यांपैकी कुणाला हात लावायचा नाही हे त्यांनी आधी ठरवलं.

कणा ठरला की त्या तीन-चार जणांना घरी जाऊन भेटा, आणि जूनमध्येच भेटा. ‘तू आमचाच आहेस’ असं गृहीत धरून आपण नव्यांच्या मागे फिरतो आणि तेवढ्यात दुसरी पेठ आपल्या गोलकीपरच्या दारात उभी असते.

कोणती जागा आधी?

आता भोकं दिसायला लागतील. ती महत्त्वाच्या क्रमाने लावा आणि पैसा त्याच क्रमाने खर्च करा. इथं गॅलरीचा, म्हणजे प्रेक्षकांचा, दबाव येतो. गॅलरीला गोल हवा असतो, म्हणून प्रत्येक पेठेला फॉरवर्ड हवा असतो आणि बाजारात सगळ्यात महाग तोच असतो. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये आपला सगळ्यात कलाकार खेळाडू कुटिन्हो बार्सिलोनाला विकला. त्याच महिन्यात सुमारे साडेसात कोटी पौंडांना व्हॅन डाईक हा स्टॉपर घेतला आणि उन्हाळ्यात ॲलिसन हा गोलकीपर. २०१९ मध्ये ते युरोपचे विजेते झाले आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडचे. गोल करणारी पोरं त्यांच्याकडे आधीच होती, गळती मागे होती.

आपल्या वहीतही तेच शोधा. गेल्या हंगामात आपल्यावर बसलेले गोल एकेक करून आठवा. कॉर्नरवर हेडर चुकून किती बसले, डाव्या बगलेतून किती, शेवटच्या पंधरा मिनिटांत दम संपल्यावर किती? तिसऱ्या प्रकारचे जास्त असतील तर नवा स्टॉपर आणून काही होणार नाही. तिथं व्यायामाचा माणूस लागतो.

आधी घरात शोधा

प्रत्येक भोकासाठी पहिला प्रश्न असा विचारायचा, की आपल्या खालच्या वयोगटात, पेठेतल्या शाळा-कॉलेजच्या संघात या जागेचा पोरगा आहे का? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला आणि पुढे आयएसएल या देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये गेला. असा मुलगा दरवर्षी निघत नाही, पण प्रत्येक पेठेत दोन-तीन पोरं अशी असतात की त्यांना सलग पाच सामने दिले तर ती उभी राहतात. आपण त्यांना सामना ३-० असताना शेवटची सहा मिनिटं देतो आणि वर म्हणतो, काही दिसलं नाही.

बावीस जणांची यादी करायची असेल तर त्यातल्या चार जागा एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांसाठी बाजूला काढा. त्यांच्यासाठी मिनिटंही आधीच ठरवा. मी प्रत्येकासाठी तीनशे मिनिटं लिहून ठेवायचो आणि प्रशिक्षकाकडून ती कबूल करून घ्यायचो.

बाहेरचा गडी पारखताना

मोबाईलवरची दोन मिनिटांची क्लिप पाहून कुणालाही शब्द देऊ नका. क्लिपमध्ये त्याचे गोल असतात, तो उभा राहिलेले तास नसतात. एखादा खेळाडू किमान तीनदा प्रत्यक्ष पाहायचा. त्यातला एक सामना असा हवा की त्याचा संघ हरतोय. चेंडू त्याच्याकडे नसताना त्याच्यावर नजर ठेवा. चेंडू गेल्यावर तो मागे पळतो की कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघतो? सहकाऱ्याची चूक झाल्यावर काय करतो? मी एकदा एका विंगरला बावीस मिनिटं नुसता असा पाहिला आणि तिथंच ठरवलं, हा आपल्याला हवा. त्या वेळात त्याने चेंडूला जेमतेम चारदा हात... म्हणजे पाय लावला असेल. पण प्रत्येक वेळी आपल्या फुलबॅकला झाकायला तो मागे आलेला होता.

मग माणसाची चौकशी. कामधंदा काय, सरावाला संध्याकाळी पाचला येऊ शकेल का, घरचे काय म्हणतात. आपल्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल ही नुसती संघांची नावं नाहीत. पोरगा एका पेठेतून दुसरीकडे खेळायला जातो तेव्हा त्याच्या वडिलांना आणि चुलत्यांना रोज त्याच गल्लीतून चालायचं असतं. म्हणून जुन्या तालमीतल्या वडीलधाऱ्याला आधी भेटावं, ‘तुमचा पोरगा मागतोय’ असं उघड सांगावं. पळवून आणलेला खेळाडू पहिल्याच गाठीला जुन्या संघासमोर बिथरतो, हे मी दोनदा पाहिलंय.

परदेशी खेळाडू घ्यायचा असेल तर काम सगळ्यात आधी सुरू करा. आफ्रिकेतले खेळाडू आपल्या मैदानावर अनेक वर्षं दिसतात, पण दुसऱ्या देशाच्या संघटनेकडे नोंदलेला खेळाडू आपल्याकडे नोंदवायचा तर त्याचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, म्हणजे आयटीसी, लागतं. ते दोन्ही देशांच्या महासंघांमधून येतं, खेळाडूच्या बॅगेतून नव्हे. व्हिसाची मुदत हंगाम संपेपर्यंत आहे का, हेही आपणच पाहायचं. आणि तो माणूस घरापासून हजारो मैलांवर राहणार आहे. खोली, जेवण, दवाखाना यांची जबाबदारी कोण घेणार त्याचं नाव वहीत लिहा. ‘मंडळ बघेल’ म्हणजे कुणीच बघत नाही.

पैशाचं

युरोपातले क्लब खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून हिशेबात धरतात. पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला एक कोटी. चेल्सीने याच आधारावर आठ-आठ वर्षांचे करार केले, तेव्हा युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०२३ मध्ये ही वाटणी आपल्या हिशेबात पाच वर्षांपुरती मर्यादित केली. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय, की आज दिलेला शब्द पुढच्या पावसाळ्यातही फेडायचा असतो.

तालमीची वर्गणी एकच असते आणि तिच्यातून गणपतीही करायचा असतो. म्हणून संघाचं खातं वेगळं ठेवा. हातात आलेले पैसे आणि कुणी कबूल केलेले पैसे वेगळ्या पानांवर लिहा. मानधन ठरवायचं ते पहिल्या पानावरूनच. दहावा हिस्सा दुखापतींसाठी बाजूला काढा. मानधन तीन हप्त्यांत द्या, नोंदणीला, लीगच्या मध्यावर आणि शेवटच्या सामन्यानंतर. आकडा कितीही लहान असो, कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी बोलीतून तुटलेली मैत्री परत जुळत नाही.

कागद

यात पाल्हाळ नको. केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, त्या वर्षीचं नियमपत्रक स्वतः वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. फोटो, जन्माचा दाखला, आधार आणि जुन्या संघाचं जे काही लागत असेल ते, प्रत्येक खेळाडूचं वेगळ्या पाकिटात. सगळं मुदतीच्या आठ दिवस आधी तयार हवं. शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानासमोर उभं राहून संघ बांधता येत नाही.

यादी लावण्याआधी

ज्याला ठेवायचं नाही त्याला तुम्ही स्वतः सांगा. त्याच्या घरी जाऊन, बसून.

आमच्याकडे एक स्टॉपर होता, नऊ हंगाम खेळलेला. त्या वर्षी त्याच्या जागी तरुण पोरगा घ्यायचं आम्ही ठरवलं, निर्णय बरोबरच होता. सांगायचं मी उद्यावर ढकलत गेलो. त्याला ते तालमीच्या फळ्यावरची यादी वाचून कळलं, पोरांच्या घोळक्यात उभं राहून. तो काही बोलला नाही. बूट घ्यायला आत आला, घेऊन गेला, आणि त्यानंतर दोन वर्षं आमच्या सामन्याला आला नाही.

तेव्हापासून यादी फळ्यावर जाण्याआधी माझी एक फेरी ठरलेली असायची. एका संध्याकाळी दोन घरं, त्याहून जास्त नाहीत. कारण सांगायचं, खरं सांगायचं. दुसऱ्या संघात खेळायचं असेल तर आपणच फोन करायचा, आणि थांबायचं असेल तर खालच्या वयोगटाच्या सरावाला बोलवायचं. त्या स्टॉपरकडे मी उशिरा गेलो. आता आमच्या पंधरा वर्षांच्या पोरांना हेडर तोच शिकवतो, पाऊस उघडला की संध्याकाळी पाचला.