रीमिक्स करताना या चुका टाळा : कापलेल्या कडव्याबरोबर कवीचे नाव जाऊ देऊ नका

रीलसाठी गाणे कापताना आपण मुखडा आणि फार तर पहिले कडवे ठेवतो, आणि तीस सेकंद भरले की उरलेले सोडून देतो. मराठी गाण्याच्या बाबतीत माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे, कारण आपल्याकडे रचनाकाराचे नाव बहुधा शेवटी येते. 'तुका म्हणे' अभंगाच्या अखेरच्या चरणात असते, आणि वामनदादा कर्डक यांच्या अनेक गीतांतही 'वामन' ही नाममुद्रा शेवटच्या कडव्यात गुंफलेली असते. ते कडवे गेले की नाव गेले. मग तोच तुकडा उचलून दुसरा कोणी त्यावर ढोलकी चढवतो, तिसरा त्यावर नाचतो, आणि चौथ्याच्या हाती पोहोचेपर्यंत त्याखाली 'पारंपरिक' असे लिहिलेले असते. वामनदादांचे निधन 2004 साली झाले. इतक्या अलीकडच्या कवीची रचना निनावी व्हावी, हे मनाला लागते.

शेवटचे कडवे ठेवणे शक्य नसेल, तर कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे चित्रफितीवरच लिहावीत. केवळ खालच्या वर्णनात लिहून भागत नाही, कारण चित्रफीत उतरवून घेणाऱ्याकडे वर्णन जात नाही. शिवाय, हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा अधिकार 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 57 नुसार रचनाकाराकडेच राहतो.

'जुने गाणे आहे, चालते' हा समजही असाच महागात पडतो. भारतात शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या निधनानंतरची 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरची 60 वर्षे. म्हणजे एकाच गाण्याचे तीन वेगवेगळे हिशेब असतात. ग. दि. माडगूळकर 1977 साली गेले आणि सुधीर फडके 2002 साली. त्यामुळे माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि फडक्यांनी चाल दिलेल्या भावगीताचे शब्द सर्वसाधारण नियमाने 2037 च्या अखेरीस मुक्त होतील, चाल मात्र 2062 च्या अखेरीपर्यंत राखीव राहील. अण्णाभाऊ साठे यांच्या लेखनासाठी हाच हिशेब 2029 पर्यंत येतो.

दहा सेकंदांपर्यंत काहीही वापरता येते, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही, आणि 'हक्कभंगाचा हेतू नाही' असे लिहिल्याने परवानगी मिळत नाही. पकडले जाऊ नये म्हणून गाण्याची पट्टी चढवणे तर गायकावरच अन्याय करणारे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे (म्हणजे रचनाकाराने ठरावीक अटींवर सर्वांना वापरासाठी खुले केलेले) साहित्य घेताना त्याची अक्षरे तपासावीत : 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असेल तर बदललेली कृती प्रसिद्ध करता येत नाही, आणि 'एसए' (शेअर अलाइक) असेल तर आपली कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

इतके करूनही यूट्यूबवर दावा आलाच, तर घाबरून चित्रफीत काढून टाकू नये. कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणे आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दल चॅनेलवर होणारी कारवाई, नव्हे. बहुतेक वेळा त्यामुळे जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते. दाव्यात नेमका कोणता भाग दाखवला आहे ते पाहावे, आणि हाती लेखी परवानगी किंवा परवाना असेल तरच आक्षेप नोंदवावा. म्हणून प्रत्येक तुकडा कोठून घेतला, कोणाचा आहे आणि कोणत्या तारखेला परवानगी मिळाली, याची नोंद पहिला तुकडा कापण्याआधीच त्याच फोल्डरमध्ये करून ठेवावी.