आंबोलीत रात्री बेडूक पाहायला जाताय? या चुका टाळा

पावसाळ्यात आंबोलीला आलेली मंडळी रात्री टॉर्च घेऊन निघाली की आधी डबक्याकडे वळतात. बेडूक म्हटला की पाणी, हे मनात पक्कं असतं. आंबोली झुडपी बेडूक शोधताना नेमकी इथेच गफलत होते. तीन-चार सेंटीमीटरचा हा जीव झुडपात बसून आवाज देतो. याची टॅडपोल म्हणजे शेपटीवाली पिल्लं पाण्यात पोहताना दिसत नाहीत, कारण ती अवस्था अंड्यातच उरकते. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. अंडी सुकू नयेत एवढी ओल मात्र हवीच, आणि ती आंबोलीचं धुकं नि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पुरवतो.

दुसरी चूक माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते. फोटोसाठी वाट सोडून थेट झुडपात घुसणं. या वंशातल्या कितीतरी बेडकांची अंडी ओल्या मातीत, पाचोळ्यात असतात. तुम्हाला वर पानावरचा नर दिसतो, पायाखालचं काही दिसत नाही. आवाज येतोय पण बेडूक सापडत नाही? टॉर्च बंद करा, जागेवरच पाच मिनिटं थांबा. नर पुन्हा बोलू लागला की दिशा कळते. फांद्या हलवू नका.

मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलवायचं, हे तर मुळीच नको. समोर दुसरा नर आलाय असं समजून तो मादीला बोलावण्याची ताकद त्यावर खर्च करतो.

हातात घेणंही टाळा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे आपल्या हाताला लावलेलं डासांचं क्रीम त्याच्या अंगात उतरू शकतं. बूट आदल्या जंगलातला चिखल धुऊन, वाळवूनच आणा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे.

ओळखीची घाई नको. झुडपी बेडकांचे रंग एकाच जातीतही बदलतात, त्यामुळे फोटोसोबत आवाजही रेकॉर्ड करा. ही जात 2009 मध्ये शास्त्रीय नोंदीत आली, ती आंबोलीच्याच नावाने, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. म्हणून फोटो टाकताना झुडपाचं नेमकं लोकेशन देऊ नका, ‘आंबोली परिसर’ एवढंच लिहा.

आंबोलीत जागा घेतलेल्यांना एक विनंती: कुंपणाकडची रानझुडपं ‘साफसफाई’ म्हणून काढू नका, पाचोळा जाळू नका. तिथे लॉन लावलंत तर पुढच्या जूनमध्ये तिथून आवाज येणार नाही.