बारा जानेवारीचा पोवाडा कसा रचावा

तलवार आधी खाली ठेवा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर पोवाडा लिहिलाय म्हणून पोरं माझ्याकडे वही घेऊन येतात, तर पहिल्याच चौकात, म्हणजे कडव्यात, ‘सिंहापरी गर्जले, वैऱ्यावर तुटून पडले’. कोण तुटून पडलं रे? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. प्रतापगडाच्या पोवाड्यात शस्त्र शोभतं, कारण तिथं ते खरंच चाललं होतं. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर रचना केली तीही शिवकाळातच, प्रसंग ताजा असताना. तो साचा उचलून येरवड्याला चिकटवला की समोरच्या म्हाताऱ्यांना लगेच कळतं, ह्याला काही माहीत नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकही ओळ रचू नका. नुसता क्रम लिहा. मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. बातमी आली, हरताळ पडला, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाकडे शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलिसांशी जुंपली, गोळीबार झाला. तिरंगा घेऊन पुढे झालेला शंकर शिवदारे त्यात गेला. मग जमाव बिथरला, जाळपोळ झाली, पोलीसही मारले गेले. काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नावालाच उरला. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांवर खटला चालला. तो आरोप खोटा होता असंच सोलापूर मानत आलंय. पोलीस मारले गेले हे बरेच जण गाळतात. गाळू नका. ते गाळलं तर फाशी कशाबद्दल झाली हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

क्रम झाला की त्यातलं गद्य कुठलं आणि चौक कुठला ते वेगळं काढा. तारीख, कलम, खटला, हुद्दा हे सगळं गद्यात, म्हणजे दोन चौकांच्या मधल्या बोलण्यात. माणसाने केलेली हालचाल चौकात. मी हरताळाचा चौक असा घेतो:

तीस सालचा मे महिना । ऊन सोसंना ।
भोंगा झाला तरी जाईना । गडी गिरणीत जी रं जी जी ॥

इथं ‘शूर’ नाही, ‘वीर’ नाही. भोंगा झाला आणि माणूस कामावर गेला नाही, एवढंच. पण गिरणगाव म्हणून वाढलेल्या ह्या शहरात भोंग्याला न जाणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. मार्शल लॉमध्ये डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवायला लावत. तलवारीच्या जागी मला ती टोपी मिळाली:

डोईवर टोपी पांढरी । चालली स्वारी ।
शिपाई म्हणतो उतरी । गडी उतरीना जी रं जी जी ॥

दोन्ही चौकांची बांधणी तपासा. तीन आखूड यमकं चढत जातात आणि चौथा तुकडा बिनयमकाचा, झीलकऱ्यांच्या, म्हणजे मागून पालुपद धरणाऱ्या साथीदारांच्या, हातात सोडलेला. खरा ठोसा त्या चौथ्या तुकड्यात ठेवायचा. नवशिके तो यमकातच संपवून टाकतात आणि मग ‘जी जी’ला काही कामच उरत नाही.

आता नावं. इथं सगळे अडतात. ‘मल्लप्पा धनशेट्टी’ सहा आणि सहा मात्रांचं, डफावर आपोआप बसतं. ‘श्रीकिसन सारडा’ पाच-पाच, म्हणून ‘सारडा’चा शेवटचा ‘डा’ ओढावा लागतो. ‘कुर्बान हुसेन’ पाच आणि चार, तिथं शेवटी श्वास मोकळा सोडायचा, घाईने भरायचा नाही. ओळीत बसत नाही म्हणून कुणाचं नाव तोडू नका, आणि चौघांना एका ओळीत कोंबू तर अजिबात नका. प्रत्येकाला एक चौक द्या. कुर्बान हुसेन तरुण वयात ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे, तर त्यांच्या चौकात छापखाना येऊ दे, शाई येऊ दे.

फाशीच्या चौकात त्यांच्या तोंडी भाषण घालायचा मोह होतो. ‘आई, मी चाललो’ वगैरे. मी ते घालत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्यालाही घालू देत नाही. त्या जागी चौघांची पूर्ण नावं साधी उच्चारायची, डफ बंद, फक्त तुणतुणं चालू. पोवाडा तिथं संपवू नका, नाहीतर पुढच्या वक्त्याला माईक हातात घ्यायचं सुधरत नाही. त्यानंतर एक चौक शहराचा घ्या.

झील सोपी ठेवा. आमच्या पूर्व भागातल्या साथीदारांत कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. मराठी सगळ्यांना येतं, पण जोरात गाताना जोडाक्षरांचं पालुपद प्रत्येकाच्या तोंडून वेगळं निघतं. ‘जी रं जी जी’ कुणालाच अडत नाही.

आणखी एक अडचण दरवर्षीची. बारा जानेवारीलाच जिजाऊंची जयंती आणि विवेकानंदांचीही. संयोजक म्हणतात, तिन्ही एकात बसवा. बसत नाही. जिजाऊंना नमनात मुजरा करा, विवेकानंदांवर भाषण करणारे पुष्कळ मिळतात. त्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते, गर्दीचं लक्ष तिकडे. तेव्हा नमन लांबवू नका, दोन ओळींत आटपून थेट भोंग्यावर या.

वाद्यांचं थोडक्यात. जानेवारीच्या पहाटे डफाचं कातडं सैल पडतं, ते शेकोटीवर लांबूनच शेका, जवळ धरलं तर तडकतं. तुणतुण्याची तार शाहिराच्या सुराला लावा, पेटीच्या नव्हे. माईक गाणाऱ्याला. डफ त्याच्यापासून हातभर दूर, नाहीतर शब्द बुडतात आणि मंडप नुसता ठोके ऐकतो.

वही स्टेजवर न्यायची नाही. पाठ होत नसेल तर एक चौक कमी करा. शेवटच्या चौकात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे ती पाळा, पण अर्ध्या ओळीत. सात मिनिटांत आपलं नाव तीनदा घेणारे शाहीर मी बघितलेत, त्यांना पुढच्या वर्षी मीच बोलावत नाही.