काविळीचे आकडे भरताना आणि वाचताना या चुका टाळा

रजिस्टरला नुसतं 'कावीळ' लिहून मोकळं होऊ नका, ही पहिली विनंती. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस विषाणूंपैकी ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात, बी आणि सी रक्तातून, सुईतून, बी तर आईकडून बाळालाही, मग सगळं एकाच रकान्यात गेलं तर पाइपलाइन उकरायची की सुया तपासायच्या हे ठरवायचं कसं? दिल्लीत १९५५-५६ ला गटाराचं पाणी नळात शिरून सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली, ती ई होती हे कळायला कित्येक वर्षं गेली.

दुसरी चूक फार महागात पडते. सांगलीच्या वाळवा-पलूसकडं एखाद्या गावात एकदम आठ-दहा पेशंट निघाले की आपण विचारतो, "गेल्या आठवड्यात कुठलं पाणी प्यायलात?" अहो, ई ची लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला २ ते १० आठवडे लागतात. गणपतीत डोळे पिवळे झाले असतील तर वटपौर्णिमेपासूनचं विचारा, तारीख कुणाला आठवत नाही पण नागपंचमीला नळाला गढूळ पाणी आलेलं, कृष्णेचं पाणी गावात शिरलेलं, हे घरातल्या बायका बरोबर सांगतात. आणि आज ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची) पिवळी आली म्हणजे महिन्यापूर्वीही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडत होती असं नाही. घरात गरोदर बाई असेल तर आधी तिच्याकडं बघा, शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात.

बरेच जण काविळीची माळ घालतात, गावठी औषध घेतात, दवाखान्यात येतच नाहीत, ते फक्त आशाताईंना माहीत असतात, त्यांना विचारल्याशिवाय यादी पुरी धरू नका.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला की लगेच 'नवीन लागण' लिहू नका. सहा महिन्यांच्या वर टिकलेला बी जुनाट असतो, आणि एकच बाई गरोदरपणात, मग ऑपरेशनच्या आधी तपासली की यादीत दोन जणी होतात. सी चं पण तसंच, अँटिबॉडी बरं झाल्यावरही राहते, रक्तात विषाणू अजून आहे का हे बघणारी आरएनए टेस्ट झाल्याशिवाय चालू आजार म्हणू नका.

देशादेशांची तुलना करताना तर फारच जपा. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२४ च्या रिपोर्टात भारतात बी चे २.९८ कोटी आणि सी चे ५५ लाख दिलेत ते २०२२ चे अंदाज आहेत, मोजलेले पेशंट नाहीत, जगात बी असलेल्यांपैकी निदान झालेले जेमतेम १३ टक्के. इजिप्तनं २०१८-१९ ला सी साठी कोट्यवधी लोक तपासले, साहजिकच पेशंट भरपूर सापडले, ती काय साथ नव्हती. काही देश फक्त ताजी लागण कळवतात, काही जुनाटही, ते न बघता तक्ता फॉरवर्ड करू नका.

आणि पेशंट नसेल तर शून्य भरा, रकाना कोरा सोडू नका, कोरा म्हणजे पेशंट नाही की रिपोर्टच आला नाही हे वर बसलेल्याला कळत नाही, मग त्या उपकेंद्राला फोन करून विचारावंच लागतं.