स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही, सही करायच्या आधी एवढं वाचा

आपल्याकडे खेड्यात अजूनही असंच चालते. पोरगी माहेरी येऊन बसली की दोन्हीकडचे पंच बसतात, पोलीस पाटील येते, अंदण-भांडे किती वापस द्यायचे ते ठरते, मग तहसीलसमोर नोटरीकडे स्टॅम्पपेपर लिहून दोघांच्या सह्या, अन् झाली म्हणे फारकती. पण कायद्यात ती झालेलीच नसते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, बौद्ध, जैन, शीख लोकांनाही तोच लागू, आणि त्यात लग्न मोडायचा अधिकार कोर्टाचा आहे, नोटरीचा नाही. समाजाची जुनी रूढी असेल तर तिला कायद्यात जागा आहे, पण ती कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते अन् ते सोपं नाही. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांचं रूढीनं चालते, त्यांनी वेगळं विचारून घ्यावं.

त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते कायद्यानं लग्नच नाही, वरून ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. हे बाईलाही तेवढंच लागू.

आणि त्याहून मोठी गोष्ट जी पंचाईतीत कोणी सांगत नाही. त्या कागदात बहुतेक एक ओळ राहतेच, "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत, यापुढे पोटगी मागणार नाही." आता पोटगीच्या कायद्यात असं आहे की दोघंही संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी भेटत नाही. म्हणजे ज्या कागदानं घटस्फोट होत नाही तोच कागद उद्या पोटगीच्या केसमध्ये नवऱ्याचा वकील पुढे करते. बाप-भाऊ म्हणतील "टाक सही, मिटव एकदाचं", तरी टाकू नका. वकिलाला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

खरंच दोघांनाही सुटायचं असेल तर संमतीचा घटस्फोट, कलम १३ ब. त्यासाठी १ वर्षापासून वेगळं राहत असायला पाहिजे, मग दोघांचा मिळून अर्ज, त्यानंतर ६ महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टात सांगायचं की हो, आमचं तेच म्हणणं आहे. हे ६ महिने कोर्ट माफ करू शकते, सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये तसं सांगितलं. अन् मधात कोणाचंही मन बदललं तर संमती मागे घेता येते, त्यामुळे पैसे, दागिने, लेकरं हे सगळं अर्जातच लिहून घ्या, तोंडी भरवशावर ठेवू नका.

एकालाच पाहिजे असेल तर कारण सिद्ध करावं लागते, छळ, २ वर्षं टाकून देणं, बाहेरचे संबंध वगैरे, अन् ते वर्षानुवर्षं चालते. लग्नाला १ वर्ष व्हायच्या आत सहसा अर्जच करता येत नाही. लग्न न मोडता नुसतं कायदेशीर वेगळं राहायचं असेल तर न्यायिक विभक्ततेचा हुकूम भेटते, पण त्यात दुसरं लग्न करता येत नाही. अकोला, अमरावती, नागपूरला कौटुंबिक न्यायालय आहे, जिथं नाही तिथं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे केस चालते. बाई आता राहते त्या भागातल्या कोर्टात केस टाकू शकते, सासरच्या जिल्ह्यात चकरा मारायची गरज नाही.

कोर्टाचा समन्स आला तर घ्या. "घेतलाच नाही तर केस कशी चालन" असं लय जण म्हणतात, पण नाकारलं तरी तो मिळाला असंच धरतात अन् एकतर्फी निकाल लागते. "नांदायला ये" अशी वकिलाची नोटीस आली तर तिलाही लेखी उत्तर द्याच, का गेली नाही, मारझोड होती का, सगळं त्यात लिहा.

माझं म्हणणं, पोटगीचा अर्ज पहिले टाका, घटस्फोटाचं मागाहून पाहता येते. पोटगीसाठी घटस्फोट लागतच नाही. पहिले ज्याला १२५ ची केस म्हणत ती आता नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४४ झाली. नवरा म्हणन माझ्या नावावर शेतीच नाही, सगळं बुढ्याच्या नावानं आहे. तरी धडधाकट माणसाला पोटगी चुकत नाही. तुम्ही सातबारा, आठ-अ, कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या जमतील तेवढ्या जमवा. २०२० पासून दोघांनाही आपल्या मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागते, अन् पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. नवरा जिवंत असताना त्याच्या शेतात बायकोचा हिस्सा नसते, पण घटस्फोटाच्या वेळी ठरलेल्या पोटगीचा बोजा कोर्ट त्याच्या जमिनीवर चढवू शकते, हे वकिलाला आठवणीनं मागायला लावा. लेकरांचा वडिलोपार्जित शेतातला हक्क फारकतीनं जात नाही, पोरींचाही नाही.

मारझोड असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, त्यात घरात राहायचा हक्क, संरक्षण, खर्च सगळं मागता येते, संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, रात्री-बेरात्री १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कितीतरी पोरी त्या स्टॅम्पवर सही करतात. बाईला कमाई कितीही असो सरकारी खर्चानं वकील भेटते, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती राहते, नाहीतर १५१०० वर फोन करा. घटस्फोट-पोटगीच्या केसमध्ये महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी पण माफ आहे.

५ वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईजवळ राहते, त्यापुढे लेकराचं भलं कुठं ते कोर्ट पाहते.

हुकूम झाला की सहीशिक्क्याची नक्कल काढा अन् दोन-तीन झेरॉक्स घरी ठेवा. अपीलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या, मगच दुसऱ्या लग्नाचं बोला. राशनकार्डातलं नाव वेगळं करून घ्या, अन् पोटगी भेटत नसेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा फॉर्म भरा, केस चालू असतानाही तो भरता येते.