पिक-अँड-रोल अडवायचा कसा? आधी सेंटरचे पाय बघा

जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, बास्केटबॉलचा सामना हरला की मैदानाबाहेरच्या टपरीवर निकाल ठरलेला असतो : "गार्ड स्क्रीनमध्ये अडकला ना भाऊ, तिथेच गेली मॅच." पिक-अँड-रोल म्हणजे असं : समोरच्यांचा एक गडी बॉलवाल्याला धरणाऱ्या आपल्या गार्डच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, ही स्क्रीन; मग तो वळून रिंगकडे धावतो, हा रोल. अहो, स्क्रीन लागली की गार्ड अडकणारच, त्यासाठीच ती लावतात. तो क्षणभर बाद झाला असं गृहीत धरूनच बचाव बांधायचा असतो. बास्केट बसते ती बहुतेक वेळा आपला सेंटर, म्हणजे स्क्रीन लावणाऱ्याला धरणारा गडी, चुकीच्या जागी उभा असतो म्हणून.

हा डाव काही गुपित नाही. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या युटा जॅझचे जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन १९८५ ते २००३ हेच खेळत राहिले. समोरच्याला काय येणार ते माहीत असायचं, तरी स्टॉकटनच्या नावावर १५,८०६ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, जमा झाले. तेव्हा डाव ओळखला म्हणून खूश होऊ नका.

पहिलं काम, बचावाची पद्धत सामन्याआधी ठरवा आणि एकच ठरवा. "सगळं स्विच करा", म्हणजे स्क्रीन लागली की गार्ड आणि सेंटरने आपापला माणूस बदलून घ्या, हा सल्ला मोबाइलवर एनबीए बघून येतो. गोल्डन स्टेट वॉरियर्सना ते जमलं, कारण त्यांच्याकडे साडेसहा फुटांच्या आसपासचे आणि बाहेरही पाय हलवणारे बरेच खेळाडू होते. आपल्या कॉलेजच्या संघात उंच पोरगा एकच असतो. स्विच केलं की तो तीन पॉइंटच्या रेषेवर चपळ गार्डमागे धापा टाकतो आणि बोर्डखाली आपला साडेपाच फुटी गार्ड त्यांच्या सेंटरला लटकतो. हेज, म्हणजे सेंटरने झपकन बाहेर यायचं आणि पुन्हा आत पळायचं, हे मला आवडतं, पण हिवाळ्यात. वैशाखात सिमेंटचं कोर्ट संध्याकाळीही तापलेलं असतं. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत सेंटरची हवा निघते, आणि धुळीवर उलटं वळताना पाय सरकतो तो वेगळाच.

म्हणून आपल्याकडे ड्रॉप खेळा. सेंटर मागे राहतो, बाहेरचा शॉट थोडा मोकळा सुटतो. सुटू द्या. उघड्या मैदानावर, वाऱ्यात, कडक रिंगवर, ड्रिबल थांबवून ६.७५ मीटरवरून सातत्याने घालणारा गार्ड समोर असलाच तर तुम्हाला त्याचं नाव आधीच माहीत असेल.

आता हाक. स्क्रीन अंगाला लागायच्या आधी सेंटरने ओरडायचं, "स्क्रीन डावीकडे!" डावी कोणाची? ज्याला स्क्रीन लागणार त्याची. स्क्रीन लागल्यावर दिलेली हाक म्हणजे नुसती बातमी.

गार्डने एक पाय स्क्रीनच्या वरून टाकायचा, अंग बारीक करून निघायचं आणि बॉलवाल्याच्या कमरेमागे चिकटायचं. समोरचा बाहेरून मारतच नसेल तर खालून जा.

आता सगळे जिथे फसतात तिथे येऊ : सेंटरची जागा.

स्क्रीन लागते त्या क्षणी सेंटरच्या टाचा फ्री थ्रो लाइनच्या आसपास हव्यात. त्याहून वर आला तर रोल करणारा त्याच्या पाठीमागे जातो, आणि एकदा माणूस पाठीमागे गेला की खेळ संपला. त्याहून खाली, थेट रिंगखाली बसला तर बॉलवाला वेगात येऊन आरामात फ्लोटर, म्हणजे सेंटरच्या डोक्यावरून उंच मऊ शॉट, टाकतो. मधला पट्टा जेमतेम दोन पावलांचा आहे आणि तो डोक्याला सांगून जमत नाही, पायांना सवय लागावी लागते. छाती पूर्ण बॉलकडे करू नका. अंग तिरकं ठेवा, म्हणजे बॉल आणि रोल करणारा दोघेही एकाच नजरेत राहतात. एक हात खाली, स्क्रीनच्या बगलेतून येणाऱ्या टप्पा पाससाठी. दुसरा वर, लॉबसाठी, म्हणजे डोक्यावरून येणाऱ्या उंच पाससाठी.

पुढची चूक त्याहून महाग. सेंटरला वाटतं, बॉल समोर आला, आता झडप घालू. तो पुढे उडी मारतो, पास सुटतो, लेअप. माझ्या सरावात असं झालं की मैदानाच्या कडेवरून एकच आरोळी येते, "कथा चालना भो?", म्हणजे कुठे चाललास भाऊ? बॉलवाला ड्रिबल उचलत नाही तोवर सेंटरने उडी मारायची नाही. मागे सरकायचं, खोटी पावलं टाकायची, वेळ काढायचा. गार्ड परत पोहोचला की तो "आलो!" म्हणेल, तेव्हाच रोल करणाऱ्याकडे वळायचं. हाक ऐकू आली नाही तर वळायचं नाही, अंदाजाने तर मुळीच नाही.

हुशार बॉलवाला गार्डला मुद्दाम पाठीवर ठेवून हळूहळू आत येतो. अशा वेळी गार्डने ढकलू नये, वरून हात मारू नये. हात सरळ वर करून मागून शॉटवर सावली धरावी, बस. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येकाला दोन फ्री थ्रो. समोरच्याला फुकट पॉइंट द्यायचा याहून सोपा मार्ग नाही. फाउल न करता असं मागे राहिलं की त्याला मधल्या अंतरावरचा शॉट मिळतो, तो मिळू द्या. प्रेक्षक ओरडतील, "पुढे जा ना रे!" ओरडू द्या.

लांबच्या कोपऱ्यातल्या डिफेंडरने पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या चौकटीत, येऊन रोल करणाऱ्याला खांदा दाखवायचा. एक पाय आत, लगेच बाहेर, असा नाच शिकवणाऱ्यांचं ऐकू नका. कोणाला न धरता पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, हा डिफेन्सचा नियम एनबीएचा आहे. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर खेळतो, तिथे तो नाही. हवं तेवढं उभं राहा.

शॉट सुटला की बॉक्स आउट, म्हणजे समोरच्याला पाठीवर अडवून रिबाउंडसाठी जागा धरायची. हे सांगावं लागत असेल तर आधी तेच शिका.

सराव दोनावर दोन, अर्ध्या कोर्टवर, आधी चालत, मग पळत. कोर्ट झाडून घ्या. ते जमलं की तीनावर तीन करा, कोपऱ्यातला माणूस धरून.

ड्रॉप कधी सोडायचा? त्यांचा सेंटर आत रोल न होता बाहेर थांबून शॉट घालायला लागला तर. मग आपला सेंटर स्क्रीनच्या पातळीला आणा. ट्रॅप, म्हणजे दोघांनी मिळून बॉलवाल्याला घेरणं, मात्र त्यांचा सेंटरच चांगला पास देणारा असेल तर करू नका. डेन्व्हरच्या निकोला योकिचसमोर दोघांनी बॉलवाल्याला घेरलं की फ्री थ्रो लाइनवर बॉल त्याच्या हातात येतो आणि पुढे चारास तीन उरतात. आपल्या जिल्ह्यातही असा एखादा जाडा, संथ, पण डोळे उघडे असलेला सेंटर असतोच. बदल करायचा तर टाइम-आउट घेऊन पाचही जणांना एकदम सांगा. पहिल्या हाफमध्ये टाइम-आउट दोनच मिळतात, त्यातला एक यासाठी राखून ठेवा.